कुणासाठी हवंय? : दांगग्वे या चिनी मुळीबद्दल वाचकांचे प्रश्न

नमस्कार. मागच्या महिन्यात बाळंतिणीच्या खाण्यापिण्यावर लिहिताना 'दांगग्वे' या चिनी मुळीबद्दल मी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या दोन ओळींवर जेवढी पत्रं आली तेवढी उरलेल्या अख्ख्या लेखावर आली नाहीत. म्हणून या वेळचं सदर तिच्यासाठीच ठेवलं आहे. पाकिटांवर हिचं नाव कुठे 'डाँग क्वाय', कुठे 'तांग क्वे' असं लिहिलेलं असतं. मुळी एकच.

आधी माझ्याबद्दल. मी १९ वर्षं सिंगापूरच्या एका रुग्णालयात फार्मासिस्ट होते. चिनी वैद्यकाचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं नाही. जे शिकले ते दोन ठिकाणी. एक, रुग्णांनी घरून आणलेल्या पुड्या उलगडून 'हे काय आहे' ते ओळखताना. दुसरं, आमच्या घराजवळच्या जुन्या चिनी औषधांच्या दुकानात. तिथल्या वयस्क दुकानदारांना सगळे 'अंकल' म्हणायचे, मीही म्हणायचे. भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणात तीन-चार औषधं, हातात पितळी पारड्याचा छोटा दांडीचा काटा. दांगग्वे मागायला कुणीही आलं की खण उघडण्याआधी ते विचारायचे, "कुणासाठी?" आज आलेल्या सगळ्या पत्रांना मलाही हाच प्रश्न विचारावासा वाटला.

प्रश्न : ताई, लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून सिंगापूरला आले आहे. सिझेरियनला आज ९ दिवस झाले. शेजारच्या चिनी बाई फार मायाळू आहेत. रोज थर्मासमधून काळपट सूप आणून देतात. त्यात पांढुरक्या चपट्या चकत्या असतात, वास थोडा ओव्यासारखा येतो. 'तांग क्वे, बाळंतिणीला चांगलं' असं सांगतात. लेकीला रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात इंजेक्शनं चालू आहेत. सूप द्यावं का? नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल.
— एक आजी, सिंगापूर

उत्तर : ताई, इंजेक्शनं चालू आहेत तोवर हे सूप देऊ नका. दांगग्वे रक्त गोठण्याच्या क्रियेत ढवळाढवळ करू शकते, आणि इंजेक्शन नेमकं त्याच कामासाठी दिलेलं असतं. दोन्ही एका अंगात नकोत. शेजारणीला खरं कारण सांगा. तिला मुळीच वाईट वाटणार नाही, कारण दांगग्वे कधी सुरू करायची आणि कधी थांबवायची याचे नियम त्यांच्याकडेही घरोघरी पाळले जातात. 'दांगग्वे न घालता नुसतं आल्याचं सूप कराल का' असं विचारून बघा. आनंदाने करून आणतील.

आता थोडं सविस्तर सांगते. तुम्ही महिनाभर तिथे आहात, आणि त्या थर्मासमध्ये काय आहे ते समजून घेण्यासारखं आहे.

तुम्हाला ओव्याचा वास आला, तो बरोबर आला. दांगग्वे ही ओवा, जिरं, बडीशेप, कोथिंबीर, गाजर यांच्याच कुळातली. शास्त्रीय नाव अँजेलिका सायनेन्सिस. चीनच्या वायव्येला गान्सू प्रांत आहे, तिथल्या मिन परगण्यातली मुळी सगळ्यांत नावाजलेली. समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वरचा थंड मुलूख. शरद ऋतू सरताना मुळ्या खणतात, थोड्या सुकू देतात, जुड्या बांधून मांडवावर रचतात आणि खालून मंद धूर देऊन वाळवतात. म्हणून चांगल्या मुळीला ओव्याच्या वासाखाली एक धुरकट वास असतो. चकती चावून बघितली तर आधी गोड लागते, मग तिखट, शेवटी किंचित कडू.

वास येतो तो तिच्या तेलातल्या लिगस्टिलाइड नावाच्या द्रव्याचा. दुसरं महत्त्वाचं द्रव्य फेरुलिक आम्ल. चीनच्या औषधकोशात मुळीची प्रत ठरवताना हेच मोजतात, निदान ०.०५ टक्के असावं लागतं. हे आम्ल पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं १८६६ साली, आणि तेही हिंगातून! हिंगाच्या झाडाचं शास्त्रीय नाव फेरुला, त्यावरून आम्लाचं नाव पडलं. मला हे कळलं तेव्हा मी रुग्णालयातून घरी येऊन आधी हिंगाची डबी उघडून हुंगली होती. बाळंतिणीच्या आमटीत आपण हिंग घालतो, तिच्या पानात ओवा-बाळंतशोपा ठेवतो. तुमची शेजारीण त्याच कुळातली मुळी सुपात घालते.

चिनी वैद्यकात दांगग्वे गोड, तिखट आणि उष्ण मानली आहे. तिची तीन कामं सांगतात: रक्ताचं पोषण करणं, थांबलेलं रक्त चालतं करणं आणि कोरडी पडलेली आतडी ओलावणं. अंकल मला आख्खी मुळी हातात देऊन दाखवायचे. वर जाड डोकं, मध्ये अंग, खाली घोड्याच्या शेपटीसारख्या बारीक मुळ्या. जुन्या समजुतीप्रमाणे डोकं रक्त थांबवतं, अंग रक्त पोसतं, शेपूट रक्त हलवतं. एकाच मुळीचे तीन भाग तीन वेगळ्या खणांत! बाळंतिणीसाठी म्हटलं की ते आधी विचारत, "किती दिवसांची? अजून जास्त जातंय का?" जास्त जात असेल तर ते देतच नसत. "चिंग डॉक्टर फर्स्ट" एवढंच म्हणत, म्हणजे आधी डॉक्टरला बोलावा.

मुळी आणि बाळंतीण यांचं नातं फार जुनं आहे. हान राजवटीच्या अखेरीस, साधारण इसवी सन २०० च्या आगेमागे, चांग चुंगचिंग नावाचा थोर वैद्य होऊन गेला. त्याच्या ग्रंथात पोटात थंडीने येणाऱ्या कळांवर आणि बाळंतपणानंतरच्या पोटदुखीवर एक उपाय दिला आहे: दांगग्वे, आलं आणि मटण. दांगग्वे ३ भाग, आलं ५ भाग, आणि मटण जवळजवळ १६ भाग. भरपूर पाण्यात उकळायचं आणि पाणी निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवायचं. आज १८०० वर्षांनंतरही तेच सूप लोक घरी करतात, दांगग्वेचं प्रमाण मात्र बरंच कमी ठेवतात. बाळंतिणीला चिनी घरांत साधारण महिनाभर, सिंगापुरात २८ दिवस, गार वाऱ्याला आणि गार पाण्याला जाऊ देत नाहीत. तुम्ही सव्वा महिना म्हणता, त्या २८ दिवस म्हणतात. त्यामुळे तुमचं आणि तुमच्या शेजारणीचं गणित पटकन जुळेल.

पुढे काय करायचं? इंजेक्शनांचा कोर्स संपू दे. अंगावरून जाणं कमी होऊन फिकं पडू दे. मग लेकीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट नाव घेऊन विचारा, "तांग क्वे असलेलं सूप चालेल का?" सिंगापुरातल्या डॉक्टरांना हा प्रश्न रोजचा आहे, ते हसणार नाहीत. त्यांनी होकार दिला तर आठवड्यातून एकदोनदा, वाटीभर, दोन-तीन चकत्यांचं. लेकीला जुलाब होत असतील तर नको, ही मुळी पोट सैल करते. आणि बाळ अंगावर पितं आहे हे ध्यानात असू द्या. १९९९ साली अमेरिकेत दांगग्वेचं सूप घेतलेल्या बाळंतिणीचा आणि तिच्या तान्ह्या बाळाचाही रक्तदाब वाढल्याची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली होती. एकाच घरातली गोष्ट आहे, त्यावरून सगळ्यांना घाबरवण्याचं कारण नाही. पण लेकीचा रक्तदाब गरोदरपणात वाढला असेल तर मी या मुळीपासून लांबच राहायला सांगेन.

डिंकाचे लाडू मात्र शेजारणीला जरूर द्या.

प्रश्न : मी २२ वर्षांची आहे. पाळीत ७ दिवस खूप जातं, पहिले तीन दिवस दोन-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं. हिमोग्लोबिन ८.४ आलं. एका मैत्रिणीने 'बायकांचं जिनसेंग' म्हणून डाँग क्वायच्या कॅप्सूल ऑनलाइन मागवायला सांगितल्या. रक्त वाढवतात म्हणे. घेऊ का?
— एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : बाळा, नको घेऊस. आणि याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.

तुझं रक्त कमी होतंय कारण ते बाहेर जातंय. दांगग्वेची ख्याती रक्त 'चालतं' करण्याची आहे. जिला आधीच जास्त जातं तिला ही मुळी एकटी देणं चिनी वैद्यालाही मान्य होणार नाही. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. ८.४ हे बरंच खाली आहे. जिना चढताना धाप लागते का? केस गळतात का? अशा वेळी लोह लागतं, आणि एवढं का जातंय ते शोधावं लागतं. थायरॉइड, गर्भाशयातली गाठ, रक्त न गोठण्याचा जन्मजात दोष, काहीही असू शकतं. सोनोग्राफी आणि दोन-चार रक्तचाचण्यांत बहुतेकांचं उत्तर मिळतं.

'रक्त वाढवते' या शब्दांनी तुझ्यासारख्या किती मुली फसतात! चिनी वैद्यकात ज्याला 'श्वे' म्हणतात त्याचं भाषांतर रक्त असं करतात, पण ते आणि प्रयोगशाळेतलं हिमोग्लोबिन एक नाही. चेहरा फिका, डोळ्यांपुढे अंधारी, झोप उडालेली, पाळी थोडी आणि उशिरा, नखं ठिसूळ, असं सगळं मिळून ते 'श्वे' कमी झाल्याचं म्हणतात. दांगग्वेत तुझी तूट भरून निघेल एवढं लोह नाही.

शिवाय ती जिनसेंग नाही. जिनसेंगचं कुळ वेगळं, काम वेगळं. 'बायकांचं जिनसेंग' हे नाव पाकीट खपवायला सोपं जातं, एवढंच.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चिनी वैद्य दांगग्वे एकटी सहसा देतच नाहीत. पाळीच्या तक्रारींवरचं त्यांचं सगळ्यांत प्रसिद्ध औषध म्हणजे 'सवू थांग', चार वस्तूंचा काढा. त्यात शिजवलेली रेहमानिया, पांढरी पिओनी, दांगग्वे आणि छ्वानश्योंग. सोंग राजवटीत सरकारी औषधालयाचा औषधांच्या कृतींचा जो संग्रह होता त्यात हा काढा आहे. पहिल्या दोन वस्तू जड आणि पोसणाऱ्या, नंतरच्या दोन हलवणाऱ्या. कुणाला किती जातं, कुणाच्या पोटात किती दुखतं त्याप्रमाणे चौघींचं प्रमाण वैद्य बदलतो. दुसरा एक काढा आहे, ली तुंगयुआन या वैद्याच्या १२४७ सालच्या ग्रंथातला. नावच 'दांगग्वेचा रक्तपोषक काढा', आणि त्यात दांगग्वे १ भाग तर हुआंगची ही दुसरी मुळी ५ भाग! ज्याचं नाव काढ्याला दिलं तीच मुळी कमी, कारण त्याच्या मते आधी अंगात जोर यायला हवा, मग रक्त होतं. एवढ्या विचाराने बांधलेल्या औषधातून एक मुळी उपसून तिची पूड कॅप्सूलमध्ये भरली की त्या विचारातलं काय उरलं?

डॉक्टरने लोहाच्या गोळ्या दिल्या तर चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबूपाण्याबरोबर घे. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन किती झालं ते मला कळव. मी वाट बघेन.

प्रश्न : पत्नीची हृदयाची झडप बदलली आहे. रोज रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. आता वय ५१, पाळी थांबते आहे, अंगातून वाफा येतात, रात्री घामाने भिजते. मेहुण्याने कॅनडाहून दांगग्वेच्या कॅप्सूल पाठवल्या आहेत. हर्बल आहेत, अपाय नाही असं त्याचं म्हणणं. गोळ्यांबरोबर चालतील ना?
— नाशिकहून एक वाचक

उत्तर : नाही, चालणार नाहीत. हे उत्तर वाचलंत की डबी वहिनींच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. एखादी घेतली गेली असेल तर आजच हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून सांगा आणि आयएनआर तपासून घ्या, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा; तो जितका वर, तितकं रक्त गोठायला उशीर.

१९९९ सालची एक नोंद फार्मसीच्या वर्तुळात सगळ्यांना माहीत आहे. ४६ वर्षांची बाई, हृदयाचे ठोके अनियमित म्हणून वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू, आयएनआर नीट ताब्यात. तिने ५६५ मिलीग्रॅमची दांगग्वेची गोळी दिवसातून एकदा-दोनदा घ्यायला सुरुवात केली. चार आठवड्यांत आयएनआर ४.९ वर गेला. बाकी काहीच बदललेलं नव्हतं. मुळी बंद केल्यावर महिनाभरात आकडा जागेवर आला. आपल्याकडे वॉरफरिनऐवजी असेनोकुमारॉल जास्त देतात. ती त्याच जातीची गोळी, म्हणून तिलाही तीच काळजी लागू. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनीही लांब राहावं, आणि कुणाचंही ऑपरेशन ठरलं असेल तर निदान दोन आठवडे आधीपासून ही मुळी बंद हवी.

माझ्या नोकरीतला एक दिवस मी विसरू शकत नाही. साठीच्या एक चिनी बाई, झडप बदललेली, दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना म्हणून आलेल्या. आयएनआर ७ च्या वर. मी औषधांची यादी विचारली, त्यांनी सहा गोळ्यांची नावं घडाघडा सांगितली. 'बाहेरचं काही औषध?' 'नाही.' 'काढा, पूड, हर्बल?' 'नाही.' शेवटी सुनेला विचारलं, घरात जेवायला काय करता? ती म्हणाली, थंडी वाजते म्हणतात म्हणून रोज रात्री दांगग्वेचं सूप. मी सासूबाईंकडे बघितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "ते औषध नाही, सूप आहे." त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्या भेटीआधी दोनदा त्या आमच्या खिडकीवरून गोळ्या घेऊन गेल्या होत्या, आणि त्यातली एक वेळ माझी होती. मी फक्त 'औषध' विचारलं होतं, 'जेवण' विचारलं नव्हतं. त्या बऱ्या झाल्या. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला 'काय शिजवता' हेही विचारत आले.

आणि ज्या तक्रारीसाठी मेहुण्यांनी ही मुळी पाठवली, तिच्यावर तरी उपयोग होतो का? १९९७ साली कॅलिफोर्नियात पाळी थांबलेल्या ७१ बायकांवर चाचणी झाली. अर्ध्या बायकांना रोज ४.५ ग्रॅम दांगग्वे, अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच कॅप्सूल, २४ आठवडे. वाफा दोन्ही गटांत सारख्याच कमी झाल्या. चिनी वैद्यांनी त्यावर हरकत घेतली की आम्ही एकटी दांगग्वे देतच नाही, मग तुम्ही तपासलंत काय? हरकत खरी आहे. पण तुमच्याकडे आलेल्या डबीतही ती एकटीच आहे, त्यामुळे तुमच्यापुरता त्या चाचणीचा निकाल लागू पडतो.

वहिनींचा त्रास खरा आहे, त्याला उपाय आहेत. झडपेचे डॉक्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना एकमेकांचे कागद दाखवून विचारा. तोवर सुती कपडे, रात्रीचं जेवण लवकर आणि कमी तिखट, उशाशी ओला पंचा. घरात कुणाला स्तनांचा कर्करोग होऊन गेला असेल तर तेही सांगा, कारण प्रयोगशाळेत या मुळीच्या अर्काने स्तनांच्या कर्करोगाच्या काही पेशी वाढलेल्या दिसल्या आहेत.

प्रश्न : मी इतिहास शिकवतो. दांगग्वे या नावाचा अर्थ काय?
— कोल्हापूर

उत्तर : सर, 'दांग' म्हणजे 'पाहिजे' आणि 'ग्वे' म्हणजे 'परत येणं'. परत यायला हवं. कुणी म्हणतात रक्त आपल्या वाटेवर परत यावं म्हणून, कुणी म्हणतात नवरा घरी परत यावा म्हणून. तीन राज्यांच्या काळातली एक कथा तुम्हाला आवडेल. च्यांग वेइ हा तरुण सरदार गान्सूतल्या थिएनश्वेइचा. २२८ साली तो वेइ राज्य सोडून शत्रूच्या शू राज्याला मिळाला, आई मागे राहिली. आईने पत्र पाठवून दांगग्वे मागवली. 'परत ये' असं उघड लिहिता येत नव्हतं. त्याने उत्तरात लिहिलं की माझ्याकडे दांगग्वे नाही, 'युआनच' नावाचं औषध आहे. युआनच हीसुद्धा एक औषधी मुळी आणि तिच्या नावाचा अर्थ 'दूरची आकांक्षा'. आईला मुलाचा निर्णय कळला. त्याच्या वीसेक वर्षं आधी छाव छाव या सेनापतीने शत्रुपक्षातल्या एका योद्ध्याला पेटी पाठवली. उघडली तर आत पत्र नाही, फक्त दांगग्वे! औषधांची नावं घराघरात इतकी मुरलेली होती म्हणूनच ही भाषा चालली.

युरोपात मात्र ही मुळी वेगळ्याच नावाने गेली. १८९९ च्या सुमारास जर्मनीतल्या मर्क कंपनीने तिचा अर्क 'यूमेनॉल' म्हणून पाळीच्या तक्रारींवर बाजारात आणला होता.

प्रश्न : पतीच्या नोकरीमुळे आम्ही हिमाचलात राहतो. इथे लोक डाळीत 'चोरा' नावाची मुळी घालतात, वास अगदी तुम्ही वर्णन केला तसा. हीच का दांगग्वे?
— कुल्लूहून

उत्तर : बहीण म्हणता येईल, तीच नाही. चोरा म्हणजे अँजेलिका ग्लाउका, आपल्या हिमालयातली. डाळ-भाजीला वासासाठी आणि पोटफुगीवर ती वापरतात. जपानमध्ये तिसरी बहीण, कोरियात चौथी, आणि कोरियातल्या मुळीतली मुख्य द्रव्यंही निराळी. नावात 'अँजेलिका' दिसलं म्हणून एकीच्या जागी दुसरी घालू नका. डाळीत चिमूटभर चोरा खुशाल घाला. एकच विनंती, बाजारात पोतीच्या पोती विकायला आली तर विचारा ती शेतातली की रानातली. रानातली चोरा खणून खणून संपत आली आहे.

कोकणातून एका शेतकरी बंधूंनी दांगग्वेची लागवड होईल का असं विचारलं आहे. नाही होणार. तिला गार हवा आणि उंची लागते. शिवाय तिकडेही रोपं एक हिवाळा काढून ठेवून पुन्हा लावतात, आणि झाड फुलावर गेलं की मुळी लाकडासारखी होऊन वाया जाते. तिथे आपली हळद बरी.

प्रश्न : मुलगा बोटीवर आहे. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगहून त्याने दांगग्वेचं पाकीट आणलं, तसंच पडलंय. चकत्या अगदी पांढऱ्याशुभ्र आहेत. थंडीत गुडघे धरतात, मटणाच्या सुपात घालू का? चांगली-वाईट कशी ओळखायची?
— मडगावहून एक वाचक

उत्तर : पांढऱ्याशुभ्र म्हणालात तिथेच मी थबकले. चांगली चकती पिवळट पांढरी असते, कडेला तपकिरी साल, मध्ये फिकट वलय आणि अंगभर तेलाचे बारीक तपकिरी ठिपके. बोटांत दाबली की किंचित चिवट लागते. पार पांढरी दिसली तर गंधकाची धुरी दिल्याचा संशय घ्यावा. कीड लागू नये आणि रंग उजळ दिसावा म्हणून काही ठिकाणी तसं करतात. पाकीट उघडून नाक जवळ न्या. आंबूस, फटाक्यासारखा झोंबणारा वास आला तर टाकून द्या. दम्याच्या माणसाला तो गंधक त्रास देतो. वासच नसेल, चकती वाळक्या लाकडासारखी कोरडी असेल, किंवा मोडल्यावर आत हिरवट तपकिरी दिसली तरी टाका. चीनचा औषधकोशही अशी मुळी औषधाला घेऊ नये असंच सांगतो. तेलकट मुळी गोव्याच्या दमट हवेत दोन वर्षं नुसत्या पाकिटात टिकणं कठीण, बुरशीचे करडे डाग असतील तर विचारच नको. नवी आणलीत तर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवा.

हातपाय गार पडून सांधे धरतात तेव्हा चिनी वैद्य दांगग्वे देतात हे खरं, दालचिनीबरोबर देण्याचा त्यांचा जुना योग आहे. काढ्यासाठी दिवसाला ६ ते १२ ग्रॅम हे औषधकोशातलं प्रमाण. सुपाला मी ५ ग्रॅमच्या पुढे जाऊ देणार नाही. पण गुडघे तुमचे की घरातल्या आणखी कुणाचे, वय किती, आणि सूप कोण कोण पिणार ते तुम्ही लिहिलं नाहीत. घरात रक्तदाबाच्या, रक्त पातळ करण्याच्या, मधुमेहाच्या गोळ्या कुणाला चालू आहेत, कुणी गरोदर आहे का, तेवढं मला कळवा. मटण त्यानंतर आणा.